लूत्रची एकतीस नावे

मी एक जुना मतदारसंघ आहे. माझे नाव लूत्र. क्वेबेक प्रांताच्या नकाशावर मी एकशे चव्वेचाळीस वर्षे होतो आणि आता नाही. मतदारसंघ गेला म्हणजे नेमके काय होते, असे तुम्ही विचाराल. फारसे काही होत नाही. मेपलची झाडे जागच्या जागी राहतात, गाई चरत राहतात. फक्त विधानसभेत त्या मातीच्या नावाने कुणी उभे राहत नाही. मित्रांनो, अभिमानाने सांगावे असे माझ्याजवळ फार थोडे आहे. जे सांगणार आहे ते मान खाली घालूनच सांगतो.

माझा जन्म एका कचेरीत झाला. एका कारकुनाने पट्टी ठेवून पेन्सिलीने चार रेषा ओढल्या आणि आत माझे नाव लिहिले. त्याने लूत्र नदी कधी पाहिली नसावी. पाहिली असती तर ती माझ्या मधोमध ठेवली नसती. नदीच्या उत्तर काठावर लाफुर्श हे गाव होते. बाजार, डॉक्टर, कोर्ट, सगळे तिकडे. दक्षिण काठावर सेंत-ऑनोरीन. तिथे एक चर्च, एक शाळा, चीज करण्याचा एक कारखाना आणि साठेक घरे. मध्ये पूल नव्हता. उन्हाळ्यात दोराच्या आधाराने चालणारी एक होडी होती, आणि हिवाळ्यात नदी गोठली की घोडे सरळ बर्फावरून जात. पण वर्षातून दोनदा, बर्फ धरताना आणि बर्फ फुटताना, होडीही चालत नसे आणि पायही टाकता येत नसे. तेव्हा सेंत-ऑनोरीन म्हणजे एक बेट होई.

माझ्या लहानपणी मतदान चव्हाट्यावर होई. पुरुष एकेक करून पुढे येत आणि आपण कोणाच्या बाजूचे ते मोठ्याने सांगत. एका बाजूला दारूचे पिंप असे आणि दुसऱ्या बाजूला काठ्या घेतलेले लोक. मी तेव्हा स्वतःची समजूत घाली की मी लहान आहे, मोठा झालो की सुधारेन. मग गुप्त मतदान आले, पेटी आली, कागद आला. मला वाटले, झालो मी शहाणा. पण यादी तीच राहिली. बायका तिच्यात नव्हत्या. नदीच्या वरच्या अंगाला अबेनाकी लोकांची वस्ती होती. माझ्या आधीपासून ते या नदीवर राहत होते, पण त्यांचीही नावे नव्हती. माझ्या हद्दीत राहणाऱ्या निम्म्याहून अधिक माणसांना माझ्या यादीत जागा नव्हती, आणि तरी मी स्वतःला पूर्ण समजत होतो.

आमच्याकडे दोन बाजू असत, दोन रंग. माणूस जन्मतःच एका रंगाचा असे. ते रंग कोणते ते मी सांगत नाही, कारण दोघांनीही मला सारखेच वापरले. आणि मी वापरू दिले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती एक्झिल्दा थिबोदो हिची आहे, आणि तिचे व्याही टेलेस्फोर लाशांस यांची.

एक्झिल्दा सेंत-ऑनोरीनची सुईण. अंगाने आडवी, बोलायला सडेतोड. तिचा मुलगा ओव्हिला चीजच्या कारखान्यात कामाला होता. त्याची बायको आर्मांदीन ही लाफुर्शची, टेलेस्फोर यांची एकुलती एक मुलगी. टेलेस्फोर विधुर होते. सरकारी रस्त्याच्या कामावर ते मुकादम होते. हिवाळ्यात शेतात काही नसे तेव्हा रस्त्यावरचा बर्फ उपसण्याचे काम कुणाला द्यायचे हे त्यांच्या हातात होते, आणि ते त्यांच्या हातात ठेवायचे की नाही हे आमदारांच्या माणसाच्या हातात होते. त्या माणसाचे नाव रोझेर बेलील. रोझेर सगळ्यांची नावे लक्षात ठेवी. त्याला माझ्या यादीतले प्रत्येक नाव, त्या नावाचा रंग आणि त्या नावाची गरज ठाऊक असे.

सन १९४४ मध्ये प्रांताच्या निवडणुकीत बायकांनी पहिल्यांदा मत दिले. सेंत-ऑनोरीनच्या शाळेत केंद्र होते. एक्झिल्दा रविवारची टोपी घालून आली होती. तिने कागदावर फुली मारली, घडी घातली, पेटीत टाकली आणि बाहेर येऊन म्हणाली, "एवढंच? आमचे पुरुष घरी येऊन अशी फुशारकी मारायचे, की मला वाटलं आत काहीतरी जड उचलावं लागतं."

त्या दिवशी मी खरोखर खूश होतो. तो दिवस मी कुणाला परत करणार नाही.

बायकांनी त्या वर्षी आमदारांनाच मत दिले होते, कारण त्यांनी पुलाचे वचन दिले होते. निवडून आल्यावर पुलासाठी मोजमाप करायला माणसे आली. पुढच्या वर्षीही आली. त्याच्या पुढच्या वर्षीही. पूल मात्र लाफुर्शच्या पलीकडे झाला, आमदारांच्या मेहुण्याच्या लाकडाच्या गिरणीपाशी, एका ओढ्यावर. तो ओढा शेळीही उडी मारून ओलांडत असे.

१९४८ च्या जून महिन्यात, रविवारच्या प्रार्थनेनंतर, एक्झिल्दा चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिली. सगळ्या बायका घरी जायच्या घाईत होत्या, चुलीवर मटारचे सूप होते. ती म्हणाली, "चार वर्षांत तीनदा नदी मोजून झाली. मोजून मोजून ती अरुंद होते का बघतायत बहुतेक. मी तर यंदा दुसऱ्या बाजूला मत देणार. तुमचं तुम्ही बघा."

"फादर काय म्हणतील?" एकीने विचारले.

"फादरना बाळंतपण नसतं," एक्झिल्दा म्हणाली.

हसता हसता तिला धरून एकतीस बायका दुसऱ्या बाजूच्या झाल्या. हा आकडा रोझेरपर्यंत संध्याकाळच्या आत पोहोचला.

दोन आठवड्यांनी रोझेर टेलेस्फोर यांच्या दारात आला. टेलेस्फोर ओसरीवर बसून फावड्याला नवा दांडा बसवत होते.

"यंदा सेंत-ऑनोरीनचं केंद्र इकडे आणलंय," रोझेर म्हणाला. "टाउन हॉलच्या तळघरात. केंद्राध्यक्ष तू."

"तिकडे शाळा आहे की."

"शाळेचं छप्पर गळतं म्हणे."

"जुलैत?"

"छप्पर कधीही गळतं, टेलेस्फोर." रोझेर पायरीवर बसला. "तू सरकारचा माणूस आहेस. येत्या हिवाळ्यात चाळीस माणसं घ्यायची आहेत रस्त्यावर. मुकादम कोण, ते अजून ठरलेलं नाही. तुला काही करायचं नाहीये. नाव विचार, कागद दे, खाली बघ. बस."

टेलेस्फोर यांनी दांडा ठोकत ठोकत मान हलवली. मित्रांनो, ते वाईट माणूस नव्हते. त्या चाळीस माणसांची मुले त्यांना नावाने ठाऊक होती. मी त्यांना दोष देतो तेव्हा स्वतःलाही देतो, कारण मलाही ते त्याच दिवशी कळले होते. माझ्या हद्दीत घडणारे मला कळतेच.

मतदानाच्या दिवशी तळघराचे दार आठ वाजता उघडले. दुसऱ्या बाजूचा प्रतिनिधी तिथे हजर असायला हवा होता. तो आदल्या दिवशीच मासे धरायला गेला होता. त्याला कुणीतरी नवी गळकाठी भेट दिली होती. होडीवाल्याला निरोप होता की दोराला डांबर लावून घे, दहापर्यंत होडी सोडू नको.

सव्वाआठला एक मालमोटार टाउन हॉलच्या मागे थांबली. तिच्यातून अनोळखी बायका उतरल्या. माझ्या हद्दीबाहेरच्या होत्या त्या. त्यांच्या हातात कागदाच्या चिठ्ठ्या होत्या आणि चिठ्ठ्यांवर एकेक नाव. एकेक जण टेबलापाशी येई, चिठ्ठीवरचे नाव म्हणे, टेलेस्फोर वहीत खूण करत आणि मतपत्रिका देत. तिसरी बाई म्हणाली, "एक्झिल्दा थिबोदो." टेलेस्फोर यांनी खूण केली. शेवटची एक तरुण मुलगी होती. तिला नाव नीट वाचता येईना.

"आर्... आर्मां..."

"आर्मांदीन," टेलेस्फोर म्हणाले. त्यांनी खाली बघतच कागद पुढे केला.

मुलीच्या नावाने अनोळखी मुलीला त्यांनी स्वतः मतपत्रिका दिली. नाव त्यांनीच पुरे करून दिले. मी पाहत होतो.

होडी साडेदहाला आली. सेंत-ऑनोरीनच्या बायका हसत-बोलत जिना उतरल्या. एक्झिल्दा सगळ्यांत पुढे होती.

"काय व्याहीबुवा, अंधारात बसवलंय तुम्हाला. कांदे-बटाटे ठेवायची जागा ही. द्या माझा कागद."

टेलेस्फोर वहीकडे पाहत म्हणाले, "तुमचं मत झालंय."

"कोणाचं?"

"तुमचं, विहीणबाई. इथे खूण आहे."

"मी तर आत्ता होडीतून उतरतेय."

"खूण आहे."

एक्झिल्दा वहीवर वाकली. तिने आपले नाव पाहिले, त्याच्यापुढची खूण पाहिली, मग खालची नावे पाहिली. "या सगळ्यांचं झालंय? या एकतिसाही जणींचं?"

"शपथेवर तक्रार करायची असेल तर करा," टेलेस्फोर म्हणाले. हे वाक्य त्यांना पढवलेले होते. "पण एका नावावर दोनदा मत मागणं हा गुन्हा आहे. तुरुंग होतो."

बायका मागे सरकल्या. घरी मुले होती, नवरे होते, हिवाळा होता. एक्झिल्दा सरकली नाही.

"बरं," ती म्हणाली. "मी कोणाला मत दिलं तेवढं तरी सांगा. घरी गेल्यावर विचारतील ना."

कुणी हसले नाही. तेव्हा मागून आर्मांदीन पुढे आली. बावीस वर्षांची. लग्न झाल्यापासून दर रविवारी ती वडिलांसाठी डुकराचे मांस भरून भाजलेली जाड पोळी घेऊन होडीतून येत असे, त्यांना आवडे तशी भरपूर मिरी घातलेली.

"बाबा," ती म्हणाली. "माझंही झालंय?"

टेलेस्फोर यांनी वहीतल्या शेवटच्या खुणेवर बोट ठेवले.

"माझ्या नावानं आली ती दिसायला कशी होती? माझ्यासारखी होती का?"

त्यांनी वही मिटली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. मग आर्मांदीन सासूचा हात धरून जिना चढून गेली.

त्या निवडणुकीत आमदार सव्वीस मतांनी निवडून आले. वर्तमानपत्रात छापले, लूत्रचा कौल. माझा कौल. मित्रांनो, माझ्या नावाने असे कितीतरी खोटे याआधीही छापले गेले होते, पण ते मोठे मोठे आणि दूरचे वाटे. ही सव्वीस मते मला आजही सलतात. एकतीस बायकांनी आपले मत आपण दिले असते तर निकाल वेगळा लागला असता, हे मुलेही बोटांवर मोजून सांगू शकतील.

रविवारची मांसाची पोळी बंद झाली. आर्मांदीन त्यानंतर लाफुर्शला आली नाही. ती गरोदर आहे हे टेलेस्फोर यांना होडीवाल्याकडून कळले. त्यांनी मेपलच्या लाकडाचा पाळणा केला, हिवाळाभर कडा घासल्या, आणि फेब्रुवारीत नदी गोठलेली असताना एका घोडेवाल्याबरोबर पलीकडे पाठवला. तिने तो ठेवून घेतला. निरोप मात्र पाठवला नाही.

एप्रिलमध्ये बर्फ फुटला. त्याच आठवड्यात तिचे दिवस भरले.

एक्झिल्दाने शेकडो मुले आपल्या हातांनी जगात आणली होती, पण काय आपल्या हातातले नाही हेही तिला कळत असे. सकाळी नऊ वाजता तिने ओव्हिलाला सांगितले, "डॉक्टर आण. रक्त माझ्याच्यानं थांबत नाहीये."

"कसा आणू? नदी फुटलीय."

"काठावर जा. हाका मार. काहीतरी कर."

ओव्हिलाने चर्चची घंटा वाजवायला लावली. लाफुर्शच्या काठावर माणसे जमली. डॉक्टर बॅग घेऊन आले. टेलेस्फोर आले. नदीतून बर्फाच्या घरांएवढ्या लाद्या एकमेकींवर चढत, आपटत चालल्या होत्या आणि त्या आवाजात पलीकडच्या हाका ऐकू येत नव्हत्या. पात्र तिथे जेमतेम दीडशे पावलांचे आहे. माणसांचे चेहरे दिसत होते. दोन तरुणांनी एक छोटी होडी खाली आणली, एका लादीने तिची फळी काडीसारखी मोडली. डॉक्टर बॅग छातीशी धरून उभे राहिले. ते तिथेच उभे होते, दुपारी एक वाजेपर्यंत.

एक वाजता ओव्हिला पुन्हा काठावर आला. तो हाका मारत नव्हता. त्याने पलीकडे सासऱ्यांकडे पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

मूल वाचले. मुलगी झाली होती. तिचे नाव दोनाल्दा ठेवले.

आर्मांदीनला पुरले तेव्हाही नदी वाहतीच होती. टेलेस्फोर यांनी लेकीच्या शेवटच्या प्रार्थनेची घंटा लाफुर्शच्या काठावर उभे राहून ऐकली. अकरा दिवसांनी पहिली होडी सुटली आणि ते पलीकडे गेले. एक्झिल्दाने दार उघडले. मूल तिच्या खांद्यावर होते. 

"आत या," ती म्हणाली. "पाळणा चांगला झालाय. हलताना वाजत नाही."

त्या दिवशी त्यांचे एवढेच बोलणे झाले.

यानंतर तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, निवडणूक पुन्हा आली. रोझेर पुन्हा ओसरीवर आला. शाळेचे छप्पर अजून गळत होते. केंद्राध्यक्ष पुन्हा टेलेस्फोर. ते हो म्हणाले. रोझेरला वाटले, दुःखाने माणूस मऊ झाला आहे. मलाही तसेच वाटले. माणसांच्या बाबतीत माझा अंदाज नेहमी चुकत आला आहे.

सकाळी आठ वाजता मालमोटार आली. पहिली बाई टेबलापाशी आली आणि तिने चिठ्ठी वाचली. "एक्झिल्दा थिबोदो."

"त्या माझ्या विहीणबाई," टेलेस्फोर म्हणाले. "तुम्ही कोण?"

बाईने मागे पाहिले, मग पुन्हा चिठ्ठीकडे. "मला गाडीत बसवून आणलंय, साहेब. एवढंच ठाऊक आहे मला."

"घरी जा बाई. तुमच्या गावात तुमचं नाव असेल. तिथे द्या."

तिच्यामागची बाई पुढे आलीच नाही. मालमोटार आली तशी परत गेली. पाचच मिनिटांत रोझेर जिना उतरला.

"काय चाललंय?"

टेलेस्फोर वहीच्या शेवटच्या पानावर, शेऱ्याच्या रकान्यात, काहीतरी लिहीत होते. ते सावकाश लिहीत. हाताला फावड्याची सवय होती.

"लिहितोय काय?"

"जे घडलं ते."

"बंद कर वही."

"वही सरकारची आहे, रोझेर. आणि मी सरकारचा माणूस. तूच म्हणाला होतास."

"हिवाळ्यात काय खाशील?"

"ते हिवाळ्यात बघू."

त्यांनी लिहिले होते की १९४८ साली या केंद्रावर पुढील एकतीस बायकांच्या नावावर दुसऱ्या बायकांनी मते दिली, मी ओळखत असूनही कागद दिले. खाली एकतीस नावे होती. चार वर्षे ती त्यांना तोंडपाठ होती. एकतिसावे नाव आर्मांदीन लाशांस थिबोदो. त्याच्यापुढे त्यांनी लिहिले, माझी मुलगी, आता हयात नाही. मग सही केली.

दहा वाजता होडी आली आणि सेंत-ऑनोरीनच्या बायकांनी आपापली मते आपण दिली.

मला सांगायला आवडले असते की त्यामुळे सगळे बदलले. तसे झाले नाही. आमदार त्याही वेळी निवडून आले, इतर केंद्रांवर त्यांचे काम चोख झाले होते. टेलेस्फोर यांची मुकादमी गेली. त्यानंतर ते लोकांची सरपणाची लाकडे फोडून देत, खुर्च्यांना नवे पाय बसवून देत. दर रविवारी एक्झिल्दा नातीला घेऊन होडीने येई. तिने त्यांना क्षमा केली असे मी म्हणणार नाही. मी तसे काही ऐकले नाही. एकदा ते म्हणाले, "विहीणबाई, मी लिहून ठेवलंय त्या वहीत. सगळं."

"कळलं मला," ती म्हणाली. दोनाल्दा अंगणात कोंबड्यांमागे पळत होती, तिच्याकडे पाहत एक्झिल्दा म्हणाली, "बरं केलंत. हिनं आमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुमच्या अक्षरात वाचलेलं बरं."

पूल १९६२ मध्ये झाला. तोवर सरकार बदलले होते आणि नव्या आमदारांनी फीत कापली. बँड होता, झेंडे होते. टेलेस्फोर त्याआधीच्या वर्षी वारले होते. एक्झिल्दा तेरा वर्षांच्या दोनाल्दाचा हात धरून पुलावरून चालत गेली. तिला तीन मिनिटे लागली. माझ्या नावाने होणाऱ्या भाषणांमध्ये या पुलाचा उल्लेख पुढे जवळजवळ पन्नास वर्षे होत राहिला, जणू तो मी दिलेली भेट होता. अबेनाकी वस्तीतली नावे माझ्या यादीत त्यानंतर सात वर्षांनी आली. त्या दिवशी कुणी बँड लावला नाही, आणि मला वाटते ते योग्यच होते. इतक्या उशिरा आलेल्या गोष्टीचा उत्सव कसला करायचा.

मग मी म्हातारा झालो. तरुण माणसे शहराकडे गेली, चीजचा कारखाना बंद पडला. शेवटची निवडणूक २००८ च्या डिसेंबरात झाली. सेंत-ऑनोरीनचे केंद्र शाळेतच होते, कधीचे तिथे परत आले होते. रस्ता स्वच्छ होता, पूल उघडा होता, ऊन पडले होते. यादीतल्या दर दोन माणसांपैकी एक आला नाही. कुणी त्यांना अडवले नव्हते. १९४८ च्या त्या सकाळी मला जी लाज वाटली होती, तिचीच एक निराळी जात मला त्या दिवशी कळली.

पुढे सीमा नव्याने आखणाऱ्या आयोगाने ठरवले की माझ्यात माणसे फार थोडी उरली, मला शेजारच्या मोठ्या मतदारसंघात मिसळून टाकावे. हरकत घेण्यासाठी लाफुर्शच्या ग्रंथालयात सुनावणी ठेवली. साठ खुर्च्या मांडल्या होत्या. सात माणसे आली. त्यांतली एक दोनाल्दा थिबोदो. बासष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. तिच्या हातात एक वही होती. अशा वह्या वर्षभराने जाळायच्या असतात. ही का जळली नाही हे मला माहीत नाही. कोर्टाची जुनी इमारत रिकामी करताना ती तळघरात एका खोक्यात सापडली होती, आणि आजीने कधीचे सांगून ठेवल्यामुळे दोनाल्दाला काय शोधायचे ते ठाऊक होते.

आयोगाचे अध्यक्ष अदबीने म्हणाले, "लूत्र मतदारसंघ कायम ठेवावा असं आपलं म्हणणं आहे का, बाई?"

"नाही," दोनाल्दा म्हणाली. "बुडवायचा तर बुडवा. माझी आई या मतदारसंघापायी गेली. मला त्याचं प्रेम आहे असं मी कसं म्हणू?"

"मग आपली मागणी काय?"

"एकतीस नावं वाचायची आहेत. इथं बोललेलं सगळं नोंदलं जातं ना?"

"जातं."

"मग नोंदून घ्या. या बायकांच्या नावावर एकदा खोटी खूण झालीय. मतदारसंघ संपायच्या आधी त्यांची नावं एकदा खरी लिहिली जाऊ देत."

अध्यक्षांनी नियमांचा कागद पाहिला, मग चष्मा काढून ठेवला. "वाचा," ते म्हणाले.

तिने आजोबांचे अक्षर वाचायला सुरुवात केली. कोपऱ्यात बसलेली टंकलेखिका कुठे ई, कुठे इ असे मध्ये मध्ये विचारत होती आणि दोनाल्दा वर्गात सांगावे तसे तिला एकेक अक्षर सांगत होती. त्यामुळे वेळ लागला. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने आपल्या आईचे नाव ऐकले आणि तो उभा राहिला. शेवटपर्यंत उभाच राहिला. शेवटच्या नावापाशी दोनाल्दाचा आवाज मुळीच बदलला नाही. फक्त ते तिने दोनदा वाचले, कारण टंकलेखिकेला पहिल्यांदा ऐकू गेले नाही.

माझ्या नावाने झालेली शेवटची सरकारी नोंद ती. त्यानंतर तीन महिन्यांनी मी नकाशावरून गेलो.

मित्रांनो, तुम्हीही कोणत्या ना कोणत्या मतदारसंघात राहता. त्याला तोंड नसते. त्याच्या नावाने जे बोलले जाते ते त्याला मुकाट्याने घ्यावे लागते. म्हणून तुम्हाला माझी विनवणी आहे. यादी लागली की आपले नाव पाहा, आणि आपले सापडले म्हणून परत फिरू नका, शेजारणीचेही पाहा. तिला केंद्रापर्यंत पोहोचता येते का ते पाहा. आणि तुमच्या गावाच्या जुन्या वह्या कुणी जाळायला काढल्या तर ज्या वहीतल्या पानाची सगळ्यांत जास्त लाज वाटते, ती वही आधी घरी घेऊन जा.

मला स्वतःला कधी कुणाचे नाव वाचवता आले नाही. ते एका थकलेल्या मुकादमाने आणि त्याच्या नातीने केले. मी फक्त त्यांची जागा होतो.